कॉलेजची विद्यार्थी परिषद फक्त गॅदरिंगपुरतीच असते का?

जुलै-ऑगस्टमधला एखादा दिवस आठवा. नवं वर्ष सुरू होऊन महिना झालेला असतो. वर्गात सर किंवा मॅडम विचारतात, "सीआर कोण होणार?" सगळा वर्ग एकदम खाली, बाकाकडे बघायला लागतो. शेवटी पहिल्या बाकावरच्या कुणाचं तरी नाव लिहून घेतलं जातं आणि विषय संपतो. घरी सांगितलं तर आईबाबा म्हणतात, "कशाला त्या भानगडीत पडतेस? अभ्यास कर."

तुम्ही विद्यार्थी असाल तर हे वाक्य ऐकलं असेल. पालक असाल तर कदाचित म्हटलंही असेल. माझ्याही घरी म्हटलं गेलं होतं. तरी मी सीआर झाले, कारण आमच्या कॉलेजात आदल्या वर्षी ज्याला जास्त मार्क असतील त्यालाच सीआर करायचे. मला त्यात फारसा रस नव्हता. परिषद म्हणजे गॅदरिंग, रांगोळी स्पर्धा, ट्रॅडिशनल डे आणि वर्षाच्या शेवटी एक सर्टिफिकेट, एवढंच मला माहीत होतं.

ते तेवढंच नसतं, हे कळायला एका मुलीचं कॉलेज सुटावं लागलं. ती गोष्ट आधी सांगते.

"पावती तर आमचीही फाडलीय ना?"

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं, लहान. जेमतेम सहाशे मुलं. निम्मी गावातली, निम्मी आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणारी. परिषदेत आम्ही अकराजण होतो. ऑगस्टमधल्या पहिल्या बैठकीत विषय एकच होता, गॅदरिंग. यंदा डीजे आणायचा आणि कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू करायचा, म्हणजे लाइटिंग उठून दिसेल, असं जवळजवळ ठरलंच होतं.

तेवढ्यात एसवायची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "आमची शेवटची गाडी साडेपाचला आहे. सहाला सुरू झालं तर आम्ही कसं थांबायचं?"

कुणीतरी मागून म्हणालं, "एक दिवस मैत्रिणीकडे राहा की." सगळे हसले. मीही हसले.

ती खाली बसली नाही. म्हणाली, "गॅदरिंगची पावती तर आमचीही फाडलीय ना? आणि गाडीचा प्रॉब्लेम सकाळीही आहे, पहिला तास..." तिला मध्येच थांबवलं गेलं. "तो आजचा विषय नाही," असं आमच्यातलाच एकजण म्हणाला. मतं घेतली. संध्याकाळच्या बाजूने आठ, विरोधात तीन. त्या आठांमधलं एक मत माझं होतं.

दिवाळीच्या आधी नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली. ७५ टक्के हजेरी न भरलेल्या मुलांची नावं. मी सहज वाचत गेले आणि लक्षात आलं की बहुतेक नावं एकाच रस्त्यावरच्या गावांची आहेत. त्यातही मुली जास्त. कॉलेज भरायचं सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी. त्या बाजूची गाडी स्टँडवर यायची ७.३५ ते ७.४० ला. म्हणजे त्या मुली रोज येत होत्या, पण त्यांचा पहिला तास रोज बुडत होता. पहिल्या तासाला जो विषय असेल, त्यात हजेरी नावालाच. मुलं मोटरसायकलवर तिघं बसून येत. मुलींना घरून ती परवानगी नव्हती.

ऑगस्टच्या बैठकीत ती मुलगी हेच सांगत होती. आम्हीच तिला पुढे बोलू दिलं नव्हतं.

यादी लागली तशी पालकांना पत्रं गेली. शहरातल्या घरात असं पत्र आलं तर फार तर ओरडा बसतो. खेड्यातल्या काही घरांत या पत्राचा अर्थ वेगळा निघतो. "रोज सकाळी घरून निघते, मग वर्गात नसते तर जाते कुठे?" हा पहिला प्रश्न. "मग बंदच करू, स्थळं बघू," हे त्यावरचं उत्तर. दोन मुलींच्या घरी हे बोलणं सुरू झालं होतं.

आम्ही आधी चुकीचंच मागितलं

जाग आल्यावर आम्ही काय केलं, तर पंधरावीसजण मिळून प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभे राहिलो. मागणी होती, "हजेरीची अट रद्द करा." सर शांतपणे म्हणाले, "ही अट मी घातलेली नाही, विद्यापीठाची आहे. माझ्या हातात नसलेलं मागाल तर मी नाहीच म्हणणार. माझ्या हातात काय आहे ते शोधून या."

तेव्हा राग आला होता. पण कुठल्याही परिषदेला यापेक्षा चांगला सल्ला मिळणार नाही, असं आज वाटतं.

मग आम्ही कॉलेजची वेळ बदलायची मागणी करायचं ठरवलं. आणि खरा वाद तिथे सुरू झाला, प्राचार्यांशी नाही, आमच्या आमच्यात. गावातल्या कितीतरी मुलांना दुपारी बारापासून दुकानात, मेडिकलमध्ये, मोबाइल रिपेअरिंगला कामावर जायचं असायचं. कॉलेज ११.४० ला सुटायचं म्हणून त्यांना ते जमत होतं. एकजण म्हणाला, "त्यांच्या गाडीसाठी माझी नोकरी का घालवू? माझ्या फीचे पैसे तिथूनच येतात." तोही खरंच बोलत होता. त्याला काय उत्तर द्यावं, कुणाला सुचेना.

शेवटी आम्ही भांडण बाजूला ठेवून मोजायला बसलो. पंधरा दिवस स्टँडवर रोज एकजण थांबून गाडी किती वाजता आली ते वहीत लिहायचा. डेपोत जाऊन गाडी लवकर सोडता येईल का ते विचारलं. नाही म्हणाले, ती गाडी आधी दुसऱ्या फेरीवरून येते. मग वेळापत्रक घेतलं. पाच तास, प्रत्येकी ४८ मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं. मधली सुट्टी २० मिनिटांची. कॉलेज ७.४५ ला भरवलं आणि सुट्टी दहा मिनिटांची केली, तर सुटायचं ११.५५ ला. गाडीवाल्या मुलींचा पहिला तास वाचत होता आणि बाराची नोकरीही.

विरोध केला तो फक्त कॅन्टीनवाल्या काकांनी. "दहा मिनिटांत माझे वडे कसे खपणार?" त्यांच्यासाठी आम्ही सकाळी गाडी आल्यावर चहा मिळेल अशी सोय करायला सांगितली. गावाकडून पहाटे उपाशी निघालेल्या मुलींमुळे त्यांचा तोटा भरून निघाला असावा, कारण पुढे ते कधी कुरकुरले नाहीत.

दिवाळीनंतर नवी वेळ सुरू झाली. आधीच्या हजेरीसाठी जादा तास घेतले गेले. गॅदरिंगचाही विषय पुन्हा बैठकीत आला आणि ते सकाळी अकरा ते चार ठेवायचं ठरलं. लाइटिंग अजिबात दिसलं नाही. त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

ज्या दोघींच्या घरी स्थळांची भाषा सुरू झाली होती, त्यातली एक परत आली. दुसरीने तोवर नाव काढून घेतलं होतं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. कारण फक्त हजेरीचंच होतं असं मी म्हणणार नाही. पण घरच्यांना निमित्त मिळालं ते आमच्या नोटीस बोर्डावरून, आणि ते टाळायची संधी ऑगस्टमध्ये आमच्यासमोर उभी होती. आम्ही तिला खाली बसवलं.

परिषद गॅदरिंगपुरती का उरली?

तुम्ही म्हणाल, सगळ्याच कॉलेजांत असं का होतं? त्यामागे थोडा इतिहास आहे.

पूर्वी महाराष्ट्रातल्या कॉलेजांत निवडणुका व्हायच्या. पोस्टर्स, प्रचार, घोषणा सगळं असायचं. त्यात पैसा शिरला, बाहेरचे पक्ष शिरले आणि मारामाऱ्याही. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि कॉलेजमधल्या निवडणुका हव्यातच कशाला, असा सूर उमटला. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची पद्धत बदलली आणि वर्गात जास्त गुण मिळवणारे विद्यार्थी परिषदेवर घ्यायचे ठरले.

यातली गंमत बघा. त्याच १९८९ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीने देशात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. म्हणजे १८ वर्षांची मुलगी खासदार निवडू शकत होती, पण काही वर्षांतच तिला स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा हक्क उरला नाही. गुण चांगले म्हणून परिषदेवर आलेल्या मुलांचाही यात दोष नव्हता. पण ज्याला कुणी निवडून दिलेलं नाही, त्याला कुणी जाबही विचारत नाही. माझंच बघा ना, त्या दिवशी मत देताना वर्गाला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

देशपातळीवर या प्रश्नाचा विचार माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराला प्रचारासाठी जास्तीत जास्त ५,००० रुपये खर्च करता येतो, छापील पोस्टर लावता येत नाही, हाताने बनवलेलंच चालतं, आणि उमेदवारावर गुन्ह्याची नोंद नसावी लागते. निवडणूक बंद करण्यापेक्षा ती स्वच्छ करावी, असा हा विचार होता. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पुन्हा थेट निवडणुकीची तरतूद केली. त्यानुसार कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांमधला एक प्रतिनिधी हे सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडायचे, तर सीआर त्या त्या वर्गाने. कागदावर हे छान आहे. पण अनेक कॉलेजांत अजूनही नावं स्टाफरूममध्येच ठरतात.

तुमच्यासाठी राखलेल्या खुर्च्या

फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असलेली गोष्ट आता सांगते. गॅदरिंगच्या पलीकडे विद्यार्थ्यांसाठी नियमाने राखलेल्या जागा आहेत.

महाराष्ट्रात प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. कॉलेजचं बजेट, सोयीसुविधा, पुढची योजना यांवर तिथे चर्चा होते. परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव या समितीचे सदस्य असतात. म्हणजे मुलींच्या टॉयलेटला कडी नाही, लायब्ररी दुपारी दोनलाच बंद होते, हे सांगायला केबिनबाहेर उभं राहायची गरज नाही. आत खुर्ची आहे.

तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा दिल्लीत शिकत असाल तर राज्याचा कायदा वेगळा असेल, पण यूजीसीचे नियम सगळीकडे लागू आहेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवीच आणि तिच्यात एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून हवा. माहितीपत्रकात नसलेले पैसे मागणं, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, निकालाला उशीर अशा तक्रारी तिथे करता येतात. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यातही विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी असावेत आणि ते निवडून आलेले असावेत, असं यूजीसीचा २०१५ चा नियम सांगतो.

तुमच्या कॉलेजात या खुर्च्यांवर कोण बसतं, तुम्हाला माहीत आहे? नसेल तर उद्याच विचारा.

वेळेचा प्रश्न छोटा नसतो

गाडीची वेळ, सुट्टीची मिनिटं हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण कुणाला शिकता येणार आणि कुणाला नाही, हे कित्येकदा घड्याळच ठरवतं. मोठमोठ्या विद्यापीठांतही भांडण याच मुद्द्यावर झालं आहे.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात २०१८ मध्ये पहिल्यांदा एक मुलगी, कनुप्रिया, विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष म्हणून निवडून आली. मुलींच्या वसतिगृहाचं दार रात्री ठरावीक वेळेला बंद होई, ते उघडं राहावं म्हणून विद्यार्थिनी दीड महिन्याहून जास्त काळ धरणं धरून बसल्या. डिसेंबरात विद्यापीठाने मुलींची वसतिगृहं चोवीस तास खुली ठेवायचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी केरळ उच्च न्यायालयात गेल्या. रात्री साडेनऊनंतर त्यांना वसतिगृहाबाहेर पडायला बंदी होती. पुढे राज्य सरकारने मुलगे आणि मुली दोघांनाही वेळेचा नियम सारखाच ठेवायला सांगितलं.

"मुलींच्या सुरक्षिततेसाठीच तर नियम आहेत," असं पालकांना वाटतं आणि ती काळजी खोटी नाही. पण रात्री लायब्ररी उघडी असताना मुलींचं वसतिगृह बंद असेल, तर पुस्तकं फक्त मुलांच्याच वाट्याला येतात. काळजी असेल तर रस्त्यावर दिवे मागा, गार्ड मागा. दाराला कुलूप हा त्यातल्या त्यात सोपा उपाय असतो, म्हणूनच तो सगळ्यात आधी सुचतो.

सीआर झालात तर एवढं करा

- आधी वर्गाला विचारा, मग मत द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलंत तरी चालेल, पण जे तिथे कधीच बोलत नाहीत त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारा.
- मागणी लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर ऑफिसचा आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं आठवडाभरात विसरलं जातं.
- भावना सांगा, पण सोबत आकडे न्या. आमची पंधरा दिवसांची वही दहा भाषणांपेक्षा जास्त कामाला आली.
- ज्याच्या हातात जे आहे, तेच त्याच्याकडे मागा. विद्यापीठाचा नियम प्राचार्य बदलू शकत नाहीत, वेळापत्रक बदलू शकतात.
- तुमच्या मागणीने कुणाचं नुकसान होतंय का ते बघा. त्याला आधी भेटा, बैठकीत नको.
- बैठकीचं इतिवृत्त लिहा आणि नोटीस बोर्डावर लावा. गॅदरिंगचा हिशोबही. पावती सगळ्यांनी फाडलेली असते.
- "तो आजचा विषय नाही," असं म्हणायची वेळ आली तर तो विषय पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर लिहून घ्या आणि मगच पुढे जा.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी

तुमची भीती मला समजते. राजकारण, भांडणं, अभ्यासाचं नुकसान. पण बाहेरच्या पक्षाचा झेंडा घेऊन फिरणं वेगळं आणि आपल्या वर्गाच्या वतीने चार वाक्यं नीट बोलणं वेगळं. दुसरी गोष्ट तिला पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसात, सासरी, बँकेत, सगळीकडे लागणार आहे. ती शिकायला अठरा ते एकवीस यापेक्षा चांगलं वय नाही आणि सहाशे मुलांच्या कॉलेजपेक्षा सुरक्षित जागाही नाही. तिथे चूक झाली तरी ती सुधारता येते, निदान बऱ्याचदा.

आणि कॉलेजातून हजेरीचं पत्र आलं, तर "कुठे जात होतीस?" याआधी "गाडी किती वाजता पोचते?" हे विचारा.

मी माझ्या आईला ही सगळी गोष्ट त्या उन्हाळ्यात सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती पोरगी उभी राहून बोलत होती, तेव्हा तू कुठे बसली होतीस?"

"तिच्या शेजारच्याच बाकावर," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी कॉलेज सुरू झालं तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातही तोच प्रश्न विचारला गेला, "सीआर कोण होणार?" त्याने घरी येऊन सांगितलं. या वेळी आई "भानगडीत पडू नकोस" असं म्हणाली नाही. तिने विचारलं, "तुझ्या वर्गात लांबून येणारी मुलं किती आहेत रे?"

त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मोजून आला.